१९९४ च्या माझदा मिआटाला (५-स्पीड) शॉर्ट शिफ्टर, म्हणजे हाताचा प्रवास कमी करणारा गिअरचा दांडा, बसवावा का?

आत्ताच नको, आधी दांड्याखालचं प्लास्टिकचं बुश (दांड्याचं टोक ज्यात हलतं ती छोटी बाही) आणि फाटलेलं रबर बूट (रबरी आवरण) बदला, टरेटमध्ये, म्हणजे दांडा ज्यात बसतो त्या गिअरबॉक्सवरच्या भागात, नवं गिअर ऑइल भरा. ‘दांडा ढिला वाटतो, गिअर नेमका सापडत नाही’ अशी तुमची तक्रार आहे, आणि ती सहसा इथेच मिटते. या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो, मधे केबल नाही. त्यामुळे मूळचाच फेक (गिअर बदलताना दांडा सरकतो ते अंतर) छोटा आहे आणि तीस वर्षांत झिजतं ते बुश. शिवाय टरेटमधलं थोडंसं तेल गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं असतं. गिअर ऑइल बदलताना ते हमखास विसरलं जातं.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे शेवटी तरफच. पिव्होटखालचा (दांडा ज्या बिंदूवर फिरतो त्याखालचा) भाग २० टक्के लांब केला आणि वरचा तेवढाच ठेवला, तर हाताचा प्रवास साधारण १७ टक्के घटतो, पण जोर २० टक्के जास्त लागतो. थंडीत दुसरा गिअर आधीच अडत असेल तर हा सौदा महागात पडेल: गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगला गिअरचा वेग जुळवायला वेळ हवा असतो, आणि घाईने दांडा ढकलला की ती जास्त झिजते. खर्रर्र आवाज येत असेल तर दोष गिअरबॉक्समध्ये आहे, कुठलाही शिफ्टर तो घालवणार नाही.

बुश नवं, तेल ताजं, तरीही ट्रॅकवर फेक लांब वाटतो? मग खुशाल घ्या, फक्त ५-स्पीडचाच मागवा. ६-स्पीडचा याला बसत नाही.