लहानपणी गाव सोडल्याच्या कवितेत शेवटी उत्तर का मिळत नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. ब्रिटिश कवयित्री कॅरोल अ‍ॅन डफी यांची 'ओरिजिनली' ही इंग्रजी कविता तुम्हाला अभ्यासाला आहे. कवयित्रीला लहानपणचं सगळं लख्ख आठवतंय, तरी शेवटी कुणी "मूळची कुठली?" विचारल्यावर ती अडखळते. असं का? शिवाय तुम्ही स्वतः सहाव्या वर्षी लातूरहून वडोदऱ्याला आलात, त्यामुळे हा शेवट तुम्हाला लागतो.

मी आठव्या वर्षी मिरजेहून इथे आलो. वडिलांना इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. त्यामुळे मीही हा प्रश्न सोडून पुढे जाऊ शकत नाही.

आधी कवितेकडे बघू. डफींचा जन्म १९५५ सालचा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. त्या लहान असतानाच कुटुंब इंग्लंडात स्टॅफर्डला गेलं. ही कविता १९९० सालच्या 'द अदर कंट्री' या संग्रहात आहे. भाषा दोन्हीकडे इंग्रजीच, पण बोलण्याची ढब निराळी, आणि वर्गात तेवढ्यावरूनही पोर परकं ठरतं. गाव सोडण्यावरच्या आपल्याकडच्या पुष्कळ कवितांत विहीर असते, पार असतो, आजीची गोधडी असते. त्या वाचताना मला नेहमी वाटतं की ही मोठ्या माणसाने नंतर लावलेली आरास आहे. डफींच्या कवितेतली मुलगी घर सोडून निघताना खेळण्याचा पंजा धरून बसते आणि त्याच्या आंधळ्या डोळ्यांकडे बघत राहते. पुढे आईबापांची काळजी तिच्या डोक्यात हलणाऱ्या दातासारखी हलते. मला हे वाचताना आमची पहिली भाड्याची खोली आठवली. वडील रात्री हिशेब करायचे आणि मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचो.

आता एका शब्दाकडे नीट बघा. आपली जुनी बोली सापाच्या कातीसारखी गळून पडली आणि आपण वर्गातल्या इतरांसारखं बोलू लागलो, असं ती सांगते. पण त्याच्या जरा आधी, लाज किती उरली ते सांगताना, तिने 'स्केल्फ' हा शब्द वापरलाय. तो स्कॉटलंडच्या बोलीतला. अर्थ, बोटात शिरलेलं लाकडाचं बारीक कुसळ. म्हणजे बोली गेली असं ती म्हणते खरी, पण म्हणतानाच त्या बोलीचं कुसळ जिभेत राहिलेलं दिसतं. आपल्याकडे 'सल' म्हणतात तेच. काटा मोडून आत राहिला की सल, आणि मनात राहिलं तरी सलच. परीक्षेत एकच मुद्दा लिहायला वेळ असेल तर हा लिहा.

अडखळण्याबद्दल मला जे कळलं ते मराठीमुळे कळलं. इंग्रजीत एकच 'वुई'. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे, गुजरातीतही तसंच. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. पोर 'आपण' कुणाला म्हणतं त्यावरून ते कुठलं झालंय ते कळतं, आणि हे त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं.

घराजवळची शाळा गुजराती माध्यमाची होती. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "दफतर नीचे मूक." म्हणजे दप्तर खाली ठेव. मला 'मूक' तेवढं कळलं आणि मी मधल्या सुट्टीपर्यंत तोंड उघडलं नाही. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. मी प्रत्येक शब्दावर रेघ ओढायचो, बाई त्या खोडायला लावायच्या. दिवाळीपर्यंत हात वळला. दिवाळीत मिरजेला आजोबांना पत्र टाकलं ते मराठीतच, पण एकाही शब्दावर रेघ नाही. आजोबांनी ते पत्र परत पाठवलं. प्रत्येक शब्दावर तांबड्या पेन्सिलीने रेघ मारलेली, पट्टी लावून, 'तीर्थरूप'पासून सहीपर्यंत. सोबत एक ओळही लिहिली नव्हती. वडील हसले. आई ते पत्र घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पहिलं वर्षभर मी इथल्या मुलांना "तुमच्या बडोद्यात" म्हणायचो. मग मे महिन्यात मुंबईला गाडी बदलून मिरजेला गेलो. रात्री गच्चीवर गाद्या घातल्या होत्या. मी चुलतभावाला सांगत होतो, "आपल्याकडे उत्तरायणला सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं." तो उठून बसला. "आपल्याकडे म्हंजे कुठं रं?"

मला उत्तर आलं नाही. तो चिडवत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. डफींच्या कवितेचा शेवट मी पुष्कळ वर्षांनी वाचला, तेव्हा तीच गच्ची आठवली. कविता 'आम्ही' आलो अशी सुरू होते, मधे सगळ्यांबद्दल बोलावं तसं बोलते, आणि शेवटी एकटा 'मी' उरतो, तो अडखळतो. आठवत नाही म्हणून नव्हे. 'आपण' म्हणताना कुणाला आत घ्यायचं ते ठरत नाही म्हणून.

हे वडोदऱ्यात जास्त जाणवतं, कारण इथल्या मराठी माणसाला हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारतात. गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या घरांनाही दांडिया बाजारात कुणी नवा भेटला की विचारतो, "तुमचं मूळ गाव?" खुद्द महाराज सयाजीराव मूळचे कवळाणा गावचे गोपाळराव. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक म्हणून इथे आणले गेले. गाव सुटलं आणि नावही. कवी दिलीप चित्र्यांचं उलट झालं. जन्म १९३८ चा, इथलाच, आणि १९५१ साली, तेही बाराव्या वर्षीच, कुटुंबासोबत मुंबईला गेले. पुढे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत राहिले.

मराठीत लहानपणी घर सुटण्याची सगळ्यात जास्त कविता बायकांनी केली, तीही जात्यावर. बहिणाबाई असोद्याच्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन शेजारच्याच जळगावात आल्या. पण त्या मुलींसाठी भाषेने 'माहेर' हा शब्द करून ठेवला होता. मागे राहिलेल्या घराला नाव होतं, तिथे परत जायचे सण होते. बापाच्या नोकरीमागे गेलेल्या पोराच्या गावाला असा शब्द नाही. 'मूळ गाव' म्हणतात, पण तो अर्जातल्या रकान्यातला शब्द वाटतो. तुम्हाला स्वतःची कविता लिहायची असेल तर ही मोकळी जागा तुमच्यासाठी आहे.

लातूरचं वर्णन करत बसू नका. सहाव्या वर्षी पाहिलेलं फार थोडं तुमचं असतं, बाकीचं आईने सांगितलेलं असतं. त्याऐवजी इथे आल्यावर पहिल्यांदा कुठल्या शब्दाला मुलं हसली ते आठवा. आणि लातूरचा कुठला शब्द अजून तोंडात आहे तो घरच्यांना विचारा, तुम्हाला स्वतःला ऐकू येणार नाही. माझा मला मुलीने सांगितला. तिच्याशी मी इथल्यासारखंच बोलतो, पण ती पडली, लागलं, की धावत जाताना माझ्या तोंडून निघतं, "काय करायलैस गं?"