बाळंतपणाआधीचा फ्रीजर : भाजी नको, भाजीची तयारी ठेवा

प्रश्न : काकू, मला सातवा महिना संपत आलाय. तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली आहे. आम्ही नांदेडला सिडकोत भाड्यानं राहतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं माहेरी जाणं होणार नाही. सासूबाई येतील, पण गावाकडं म्हशी आहेत आणि मामंजी एकटे. बारसं झालं की त्यांना परतावं लागेल. पुढं आम्ही दोघंच. यांना चहा आणि खिचडी येते. माझी नणंद परदेशात असते. ती म्हणते, तिकडं बायका बाळ व्हायच्या आधी महिनाभराचं जेवण करून फ्रीजरमध्ये ठेवतात, तूही ठेव. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बाळंतिणीला शिळं घालत नसतेत, माय." आमचा फ्रीज एका दाराचा, १९० लिटरचा. उन्हाळ्यात लाइट दोन-दोन तास जाते. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : लेकी, दोघींचंही ऐक. फ्रीजर भर, पण त्यात तयार भाज्यांचे डबे ठेवू नकोस. भाजीची तयारी ठेव. शिजवून घोटलेलं वरण, उकडलेली मटकी, परतलेलं वाटण, निवडून-चिरून उकळत्या पाण्यातून काढलेली शेपू. फोडणी जेवायच्या वेळेला, ताजी. मी परभणीत गृहविज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षं घातली आणि दोन्ही लेकींची बाळंतपणंही याच हातानं केली. आपल्या भागात, आपल्या उन्हात आणि आपल्या लाइटीत हीच रीत टिकते.

सासूबाईंचं म्हणणं आधी घेते, कारण ते खरं आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो. सकाळचं वरण दुपारी आंबतं. अंगावर टाके, रक्त गेलेलं, झोप नाही, अशा बाईचं पोट बिघडलं तर दोन जीवांचे हाल होतात. म्हणून ‘शिळं नको’ हा नियम पडला. फ्रीजमध्ये जंतू सावकाश वाढतात. फ्रीजरमध्ये त्यांची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. याचा अर्थ असा, की जे ताजं असताना गोठवलं ते बाहेर आल्यावर जवळजवळ तसंच राहतं, आणि जे दुपारभर ओट्यावर राहून मग आत गेलं ते तसंच बिघडलेलं बाहेर येतं. खालच्या फळीवर तीन दिवस पडलेला रस्सा हे खरं शिळं. तासाभरात निववून गोठवलेलं वरण शिळं नव्हे. हे त्यांना नीट समजावून सांग आणि एकदा त्यांच्यासमोर पाकीट उघडून जिरं-लसणाची फोडणी देऊन वाढ. त्या जेवल्या की पटेल.

आता फ्रीज. तुझ्या १९० लिटरच्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा जेमतेम पंधरा लिटरच्या आसपास असतो. अन्न महिनोन्‌महिने टिकवायला उणे १८ अंश लागतात. एका दाराच्या फ्रीजमध्ये दार उघडलं की वरचा कप्पाही तापतो, त्यामुळं तेवढी थंडी धरून राहत नाही. आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहतं का बघ. मऊ पडत असेल तर तिथलं सामान दोन आठवड्यांत संपवायचं असं धरूनच चाल. नणंदेकडं स्वतंत्र मोठा फ्रीजर असेल. तिचा महिना तुझ्या कप्प्यात मावणार नाही आणि टिकणारही नाही.

एक काम मात्र सामान भरायच्या आधी कर. अशा फ्रीजमध्ये थंडी कमी-जास्त करायच्या चक्रीच्या मधोमध एक छोटं बटण असतं, बर्फ वितळवायचं. ते दाबून साठलेला सगळा बर्फ काढ, कप्पा पुसून कोरडा कर. सुरीनं बर्फ उकरू नकोस. पत्र्याला भोक पडून गॅस गेला की फ्रीजच जातो. कप्पा भरल्यावर त्या बटणावर चिकटपट्टी लाव. बारशाला पाहुणे येतात, कोणीतरी मदत म्हणून बर्फ काढायला बटण दाबतं आणि सगळी पाकिटं पाणी होऊन बसतात.

लाइट गेली की दार उघडायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांना नियम. खालचा भाग बंद दारानं चारेक तास तग धरतो. वरचा कप्पा गच्च भरलेला असेल तर त्याहून जास्त, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या लहान बाटल्या गोठवून ठेव. एका वाटीत पाणी गोठव आणि वर एक रुपयाचं नाणं ठेव. दवाखान्यातून तीन-चार दिवसांनी घरी आल्यावर नाणं वरच असेल तर निर्धास्त राहा. नाणं तळाला गेलं असेल, तर मध्ये सगळं वितळून परत गोठलंय असं समज. मग जीव कितीही हळहळला तरी टाकून दे.

काय ठेवायचं ते सांगते. तूरडाळ आणि मूगडाळ हळद घालून मऊ शिजव, घोट, मीठ-फोडणी नको. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून हलवत राहिलं की लवकर निवतं. एका वेळेपुरतं वरण चांगल्या जाड झिपच्या पिशवीत भर, हवा काढ आणि पिशवी ताटात आडवी ठेवून बोटभर जाडीची चपटी गोठव. चपटं पाकीट लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि पुस्तकांसारखं उभं रचता येतं. डबा वापरलास तर काठोकाठ भरू नकोस, पाणी गोठताना फुगतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण चांगलं परतून, काळं तिखट अगदी बेताचं घालून, बर्फाच्या साच्यात गोठव आणि वड्या पिशवीत काढून ठेव. एका भाजीला दोन वड्या. मोड आलेली मटकी आणि मूग वाफवून. शेपू आणि मेथी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, मग घट्ट पिळून मुठीएवढे गोळे. मे महिन्यात कोवळी शेपू मिळेलच असं नाही, म्हणून मिळतेय तोवर घेऊन ठेव. हुरडा आपण जानेवारीत गोठवतोच की, तसंच हे. धपाटे अर्धवट भाजून, मध्ये बटर पेपर घालून ठेवले तर उत्तम राहतात. भूक लागली की थेट तव्यावर. तुमच्यात चालत असेल तर पायाचा रस्सा उकळून, गाळून, वरची चरबी काढून त्याचीही दोन पाकिटं असू दे.

बटाट्याची रस्साभाजी, कढी, दह्याचं काही, उकडलेली अंडी यांच्या वाटेला जाऊ नकोस. बटाटा भुसभुशीत होतो, कढी फुटते, अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. भात ताजाच लाव. भात बाहेर राहिला की त्यात एक प्रकारचा जंतू विष सोडतो आणि ते विष गरम केल्यानंही जात नाही. भाकरी गोठवायच्या भानगडीत पडू नये, तुकडे पडतात. ज्वारीचं पीठही पाच-सहा दिवसांपुरतंच दळून आण. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग नवख्या हातानं भाकरी थापणं होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं प्रसारित केलेला ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण आहे, लोह आणि जस्त जास्त असलेला. ओळखीच्या शेतकऱ्याकडं मिळाला तर बाळंतिणीच्या घरात तो असावा असं मला मनापासून वाटतं.

आणि लेकी, फ्रीजर नव्हता तेव्हा मराठवाड्यातल्या बायकांनी काय केलं, ते विसरू नकोस. येसर आणि मेतकूट. भाजलेल्या धान्या-डाळींचं आणि मसाल्याचं येसर पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी होते. लाइट असो नसो. सासूबाईंना सांग, बाळंतिणीपुरतं वेगळं, मिरची कमी घालून करून द्या. त्यांच्या हातचं येसर कुठल्याही पाकिटापेक्षा वरचढ असेल, आणि बारशानंतर गावी जाताना त्यांच्याही जिवाला बरं वाटेल की घरात आपल्या हातचं काहीतरी आहे. डिंकाचे लाडू उन्हाळ्यात थोडे आणि लहान कर. खोबरं खवट होतं, म्हणून आठवड्याचे बाहेर, बाकीचे फ्रीजमध्ये. अळीव बाळंतपणानंतरच, आता नको. गरोदरपणात साखर निघाली असेल तर लाडवांचं डॉक्टरांना विचारूनच. सिझर झालं तर पहिले दिवस काय खायचं तेही तेच सांगतील.

अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक वेळचं छोटं जेवणच वाढतं. सरकारी दवाखान्यातून बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या देतात, त्या चुकवू नकोस. चहासोबत घेऊ नकोस आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नकोस. एवढं सगळं सांगतेय कारण नव्या आईचं जेवण हीच गोष्ट घरात सगळ्यात आधी मागं पडते. बाळ रडतं म्हणून ताट झाकून ठेवलं जातं आणि ते तसंच राहतं.

आठवा महिना लागला की सुरू कर आणि नववा लागायच्या आधी हात काढून घे. कोरड्या गोष्टी आधी. वरण, मटकी, शेपू शेवटी म्हणजे तारखेच्या जवळ, पण तेव्हा ओट्याशी तू उभी राहायचं नाहीस. खुर्चीवर बसून सांगायचं, करायचं नवऱ्यानं. कागदी चिकटपट्टीवर पदार्थ आणि तारीख लिहून पिशवीवर लावायची. डब्याच्या झाकणावर नको, झाकणं बदलतात. फ्रीजच्या दारावर एक कागद: कुठली किती पाकिटं, त्याला फोडणी कशाची, कुकरच्या शिट्ट्या किती. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी तू दुसऱ्या खोलीत आडवी हो आणि त्यांना तो कागद बघून एकट्यानं दोन पाकिटांचं जेवण करू दे. जिथं अडेल तिथं कागदावर भर घाल. पाकीट सोडवायचं ते आदल्या रात्री खालच्या फळीवर ठेवून, किंवा थोडं पाणी घालून थेट पातेल्यात. ओट्यावर नाही. चांगली खळखळून उकळी आली पाहिजे. सुटलेलं पाकीट परत गोठवायचं नाही.

प्रश्न : शेजारच्या घरात नवीन बाळ आलंय. मला डबा द्यायचाय. काय न्यावं, कधी न्यावं?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘उद्या दुपारचं मी आणते, चालेल ना?’ न विचारता गेलं की त्याच दिवशी तीन घरचे डबे येतात. मुगाचं वरण, शेपूची भाजी, मऊ भात, वर तूप. तिखट कमी. मोठं लेकरू असेल तर त्याच्यासाठी गुळाचा शिरा किंवा साधा पराठा वेगळा न्या, त्या दिवसांत त्याच्याकडं कोणाचं लक्ष नसतं. डबा परत करायची घाई नको असं सांगून साधासा डबा द्या. दारातूनच द्या, आणि तिनं बोलावलं तरच आत बसा.

प्रश्न : रजा संपली की मला शाळेत रुजू व्हायचंय. बाळ चार महिन्यांचं असेल. दूध काढून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का? घरचे म्हणतात दूध बिघडतं.
— एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : चालतं, आणि जरूर ठेवा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला दुसरं काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. हात साबणानं धुवून, उकळून घेतलेल्या झाकणाच्या लहान भांड्यात दूध काढा. साधारण २५ अंशांच्या खोलीत ते चार तास राहतं. आपल्या उन्हाळ्यात तेवढा वेळ धरू नका, लगेच फ्रीजमध्ये टाका. फ्रीजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवसांपर्यंत चालतं. एका दाराच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांच्या पलीकडं ठेवू नये. वर साय वेगळी दिसली म्हणजे बिघडलं असं नाही, हळूच हलवलं की मिसळते. भांडं कोमट पाण्यात ठेवून गरम करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. वाटी-चमच्यानं पाजायला घरच्यांना आतापासून शिकवा. एकदा उष्टं झालेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, उरलं तर टाकायचं. लाइट बराच वेळ जात असेल तर शाळेतून येताना बर्फाची पिशवी घेऊन या आणि दुधाची भांडी तिच्याशेजारी थर्मासमध्ये ठेवा.