पैसे भरण्याआधी मागायचे हक्क : कर्करोगग्रस्त कुटुंबांचे प्रश्न

आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आम्ही ऊसतोडणीला जाणारे कुटुंब आहोत. वडिलांना जिभेचा कर्करोग आहे. शहरातील एका धर्मादाय रुग्णालयाने शस्त्रक्रियेपूर्वी दीड लाख रुपये अनामत मागितली. केशरी कार्डाला सरकारी योजना लागू नाही, असेही सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. केशरी कार्डधारक कुटुंबांचा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वीपासूनच समावेश होता. २०२४ पासून तर शुभ्र कार्डधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना ती लागू असून, प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालय योजनेत समाविष्ट असेल तर तेथे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, बसलेला असतो. सही करण्याआधी किंवा पैसे भरण्याआधी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन थेट त्याच्याकडे जावे. योजना रोखरहित असल्यामुळे उपचारांची मंजुरी आधी घ्यावी लागते. खिशातून भरून झालेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांनी ही चौकशी दागिने विकून झाल्यावर केलेली असते, याचे मला फार वाईट वाटते. रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

रुग्णालय या योजनेत नसले तरी ते धर्मादाय असल्यामुळे दुसरा मार्ग खुला राहतो, आणि त्याची चौकशी फार थोडे लोक करतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्याचेही बंधन आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असल्यास रुग्ण निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास दुर्बल मानला जातो, आणि या दोन्ही गटांतील रुग्णांकडून अनामत मागता येत नाही. म्हणून रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या, आणि नकार मिळाला तर तीच प्रत जोडून धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. तोंडी नकाराची तक्रार पुढे टिकत नाही. पोच असलेला अर्ज मात्र कोणालाही नाकारता येत नाही.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लवकर काढून घ्या. तलाठ्यांकडे चौकशी होईल तेव्हा घरातील कमावता माणूस आता कामावर जाऊ शकत नाही, हे जरूर सांगा, कारण दाखल्यात मागच्या वर्षाची, म्हणजे आजारापूर्वीची मजुरी दिसते.

प्रश्न : आईच्या स्तनाच्या कर्करोगासाठी गावातील एकाकडून २ लाख रुपये महिना ५ टक्के व्याजाने घेतले. त्याने तारण म्हणून दीड एकराचे खरेदीखत करून घेतले आणि पैसे फिटले की जमीन परत देईन, असे तोंडी सांगितले. आई वारली. आता जमीन त्याच्याच ताब्यात आहे. काही करता येईल का?

उत्तर : तुमच्या आईच्या निधनाने मला दुःख झाले. करता येण्यासारखे बरेच आहे, आणि ते लगेच सुरू करावे. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के होतात. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारीच्या ओघात गेल्या १५ वर्षांत बळकावलेली स्थावर मालमत्ता कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक, देऊ शकतात. खरेदीखत नोंदणीकृत आहे, एवढ्या कारणाने तुमचा दावा संपत नाही.

मात्र तो व्यवहार खरी विक्री नसून कर्जाचे तारण होते, हे तुम्हाला दाखवावे लागेल. येथे रुग्णालयाच्या पावत्या उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेची तारीख आणि खताची तारीख जवळजवळ असणे, खतातील किंमत त्या वर्षीच्या शासकीय बाजारमूल्यापेक्षा कितीतरी कमी असणे, खतानंतरही दरमहा त्याच माणसाला पैसे गेल्याच्या फोनवरील नोंदी आणि त्याच गावात त्याने इतरांकडूनही अशीच खते करून घेतलेली असणे, या सगळ्या गोष्टी एकत्र मांडल्या की चित्र स्पष्ट होते. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि दरम्यान कोणत्याही कोऱ्या कागदावर किंवा धनादेशावर सही करू नका.

प्रश्न : गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे माझी पिशवी काढावी लागली. सासरच्यांनी माझी ताटवाटी वेगळी केली आणि नंतर नवऱ्याने माहेरी आणून सोडले. आता तो शंभर रुपयांच्या मुद्रांकावर घटस्फोटासाठी सही मागत आहे.

उत्तर : ताई, सही करू नका. जेवण, भांडी, कपडे किंवा स्पर्श यांतून कर्करोग पसरत नाही. तुमची ताटवाटी वेगळी करणे हा केवळ अन्याय होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कर्करोग किंवा मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण नाही, आणि मुद्रांकावर लिहून घेतलेली फारकत कायदा मानत नाही. परस्पर संमतीचा घटस्फोटसुद्धा न्यायालयातच होतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीचा अर्ज तुम्ही आता राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे माहेरूनच करू शकता. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली सासरच्या घरात राहण्याचा हक्क, स्त्रीधन आणि औषधोपचारांचा खर्चही मागता येतो. स्त्री असल्यामुळे उत्पन्नाची कोणतीही अट न लावता तुम्हाला मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. तुमचे नाव अजून नवऱ्याच्या शिधापत्रिकेवर असणार. तपासण्या पुढे अनेक वर्षे चालतात आणि सरकारी योजनेसाठी शिधापत्रिका लागते, म्हणून त्या कार्डाची प्रत आजच मिळवून ठेवा.

प्रश्न : मी कारखान्यात काम करतो. घशाच्या कर्करोगामुळे स्वरयंत्र काढले. आता मालक राजीनामा लिहून मागतो. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या राज्य विम्याची वर्गणी, कापली जात होती.

उत्तर : राजीनामा दिलात तर ईएसआयचा आधार आपल्याच हाताने सोडल्यासारखे होईल. आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के लाभ मिळतो. कर्करोग हा दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे, दोन वर्षांची विमायोग्य नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळू शकतो. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढू नये, हे बंधन १९४८ च्या मूळ कायद्यातच घातलेले होते.

कर्करोगाची गणना दिव्यांगत्वात होत नाही. पण स्वरयंत्र काढल्याने येणाऱ्या वाचादोषाचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र काढून घ्या. संजय गांधी निराधार योजनेतही कर्करोगग्रस्तांचा समावेश आहे, मात्र वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. इतक्या पैशांत कोणतेही कुटुंब जगू शकत नाही, म्हणून ही मर्यादा वाढवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू आहेत. दर तीन आठवड्यांनी यावे लागते आणि मुक्काम पदपथावर होतो.

उत्तर : रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी नाव नोंदवा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन येथे रुग्ण व नातेवाईक राहू शकतात. जागा मात्र लवकर भरते. रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा अर्ज रुग्णालय भरून देते आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच मिळते, मोबाइलवर नाही. तेव्हा पुढच्या फेरीचा अर्ज रुग्णालयातून निघण्याआधीच शिक्क्यासह घेऊन ठेवा.