वाचकांचे प्रश्न : मातीखालचे कापड

गेल्या अंकात निचऱ्याच्या चरांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर जिओटेक्स्टाइलबद्दल, म्हणजे मातीच्या कामात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम किंवा नैसर्गिक धाग्यांच्या कापडाबद्दल, बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. बहुतेकांनी कोणते कापड घ्यावे असे विचारले आहे. ते कापड त्या जागी नेमके कोणते काम करणार आहे, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले आहे. हेच कापड कुठे दोन थर वेगळे ठेवते, कुठे पाणी सोडून माती अडवते, कुठे स्वतःच्या जाडीतून पाणी वाहून नेते, कुठे ताण घेते, तर कुठे नुसते खाली अंथरलेले अस्तर असते. काम ठरले नाही तर निवड अंदाजपंचेच होते.

प्रश्न : मऊ जमिनीवर रस्ता करताना खडीखाली एक पातळ कापड अंथरतात. एवढ्याशा कापडाने रस्ता मजबूत कसा होतो?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. बहुतेक ठिकाणी हे कापड मजबुती देत नाही, खडीत मुळात असलेली मजबुती टिकवते. ओलसर, मऊ मातीवर खडी पसरून वाहने धावू लागली की खडीचे तुकडे खाली रुतू लागतात आणि चाकांच्या वारंवार पडणाऱ्या दाबाने पातळ झालेला चिखल खडीच्या पोकळ्यांतून वर चढतो. असा रस्ता काही काळाने खणून पाहिला तर थराचा खालचा भाग खडीचा राहिलेला नसतो, तो खडी मिसळलेला चिखल झालेला असतो. खडी भार पसरवते ती तुकडे एकमेकांत अडकून बसतात म्हणून. त्यांच्यामध्ये बारीक माती शिरली की ते एकमेकांवरून घसरू लागतात. खडीच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी माती तिच्यात मिसळली तर त्या थराची भारक्षमता जवळपास खालच्या मातीइतकीच उरते, असे रस्ते-अभियंते मानतात. कापड ही सरमिसळ थांबवते, आणि खालच्या मातीतले पाणी मात्र वर निघून जाऊ देते, म्हणून त्याच्या जागी प्लास्टिकचा कागद चालत नाही.

ही कल्पना पॉलिमरच्या धाग्यांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या महामार्ग खात्याने १९२६ पासून जाड सुती कापड रस्त्याच्या थरात घालून, त्यावर गरम डांबर आणि वाळूचा पातळ थर देऊन प्रयोग केले होते. त्या रस्त्यांवर भेगा कमी पडल्या आणि पृष्ठभाग कमी उखडला. पण सूत मातीत कुजते, त्यामुळे ती वाट तिथेच थांबली.

कापड ताण घेऊन भार उचलते ही गोष्ट खोटी नाही, पण तिला अट आहे. कापड ताणले जाण्यासाठी जमीन आधी खाली दबावी लागते, म्हणजे चाकोऱ्या चांगल्याच खोल पडाव्या लागतात. कामापुरत्या केलेल्या कच्च्या रस्त्यावर हे चालून जाते, डांबरी रस्त्यावर नाही. तेथे खरोखर प्रबलन, म्हणजे ताण घेणारा आधार, हवे असेल तर जाळीदार जिओग्रिडचा विचार करणे योग्य. आणखी एक सूचना : अंथरलेल्या कापडावर डंपर कधीही थेट चढवू नये. आधी पसरलेल्या भरावावरून पुढे खडी ढकलत जावे, आणि कापडावर किमान १५ सें.मी. थर पडल्याशिवाय, जमीन फार मऊ असेल तर त्याहून बराच जाड थर पडल्याशिवाय, वाहन पुढे जाऊ देऊ नये. कापडे फाटतात ती बहुधा याच पहिल्या दिवशी, पुढच्या वीस वर्षांत नव्हे.

प्रश्न : विणलेले कापड चांगले की न विणलेले? आणि किती जीएसएमचे घ्यावे? विक्रेते म्हणतात, जितके जाड तितके उत्तम.

उत्तर : विणलेले कापड कमी ताणले जाते आणि जास्त बळ घेते, म्हणून ते मऊ जमिनीवरच्या भरावाखाली शोभते. सुयांनी टोचून धागे एकमेकांत गुंतवलेले न विणलेले कापड जाड, लवचिक आणि पाणी सहज सोडणारे असते. गाळण, निचरा आणि अस्तर यांसाठी साधारणतः तेच घेतात. चपट्या पट्ट्यांनी विणलेले स्वस्त कापड निचऱ्याच्या चरात घालणे ही मात्र नेहमी दिसणारी चूक आहे, कारण त्यातून पाणी फार हळू जाते.

जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, हा माझ्या मते विकणाऱ्याच्या सोयीचा आकडा आहे. त्यावरून रोल किती जड आहे ते कळते. छिद्रे किती मोठी आहेत, पाणी किती वेगाने जाईल, टोकदार दगडाखाली कापड टिकेल का, यांपैकी काहीही निश्चितपणे कळत नाही. छिद्रांचे आकारमान, पाणी सोडण्याची क्षमता, ताणबळ आणि भोसकले जाण्यास होणारा विरोध असे चार आकडे उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात छापलेले असतात. ते मागावेत.

प्रश्न : संरक्षक भिंतीमागे छिद्रांचा पाईप टाकून त्यालाच जिओटेक्स्टाइल गुंडाळले होते आणि भोवती खडी भरली होती. दोन पावसाळ्यांनंतर पाईपमधून पाणी येणे जवळजवळ बंद झाले. कापड निकृष्ट होते का?

उत्तर : कापड निकृष्ट असू शकेल, पण माझा पहिला संशय ते जेथे लावले त्या जागेवर आहे. माती आणि खडी यांच्यामध्ये काहीच नसल्याने बारीक माती खडीत वाहत आली आणि पाईपभोवतीच्या कापडावर येऊन थापली गेली. पाईपचा परिघ तो केवढा! तेवढ्याशा जागेवर साऱ्या भिंतीमागचा गाळ साचला. कापड चराच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना, मातीला चिकटून लावावे, आत पाईप ठेवून खडी भरावी आणि वरून कापडाची टोके एकमेकांवर घेऊन चर बंद करावा. त्यामुळे गाळणीचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते आणि खडी स्वच्छ राहते.

येथे गाळणीचे काम कसे चालते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज त्यातूनच होतात. हे कापड पिठाच्या चाळणीसारखे प्रत्येक कण अडवत बसत नाही. पाणी वाहू लागले की कापडाला लागून असलेल्या मातीतले सर्वांत बारीक कण सुरुवातीला छिद्रांतून निघून जातात, म्हणून नव्या चरातून पहिल्यांदा थोडे गढूळ पाणी येते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. जरा मोठे कण छिद्रांच्या तोंडाशी अडकून कमानी धरतात, त्यांच्यामागे त्यांहून लहान कण थांबतात, त्यांच्यामागे आणखी लहान. अशा रीतीने कापडामागे मातीचीच काही मिलिमीटर जाडीची गाळणी तयार होते आणि पुढचे सारे काम ती करते. कापड फक्त पहिल्या कमानींना टेकू देते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे कापड आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. खणलेल्या बाजूत खळगा असेल आणि कापड त्यावर ताणून बसले असेल, तर त्या पोकळीत माती सैल होऊन चिखलाच्या रूपाने कापडावर येते, कमानी धरत नाहीत आणि कापडावर लेप बसतो. म्हणून कापड थोडे सैल अंथरावे, म्हणजे खडी भरताना ते मातीला सर्वत्र भिडते. दुसरी गोष्ट म्हणजे छिद्रे जितकी बारीक तितकी गाळणी चांगली, ही समजूत टाकून द्यावी. फार बारीक छिद्रे आधी बुजतात. अमेरिकेतील आश्टो या संस्थेच्या एम २८८ मानकात जमिनीखालच्या निचऱ्यासाठी छिद्रांची कमाल मर्यादा मातीप्रमाणे बदलते. मातीतील ०.०७५ मि.मी.पेक्षा बारीक अंश १५ टक्क्यांहून कमी असेल तर ०.४३ मि.मी., १५ ते ५० टक्के असेल तर ०.२५ मि.मी. आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तर ०.२२ मि.मी. मातीची चाळणी-चाचणी केल्याशिवाय यांतला कोणताही आकडा निवडता येत नाही, आणि ती चाचणी काही महागडी नाही.

काही माती मात्र खरोखरच त्रासदायक असतात. ज्या मातीत जाड वाळू आहे, अगदी बारीक कण आहेत, पण मधल्या आकाराचे कण नाहीत, तेथे कमानींची उतरंड लागत नाही. लोहयुक्त पाण्याच्या ठिकाणी जिवाणूंमुळे तांबूस, बुळबुळीत साका बनतो आणि तो कापडच काय, वाळूची गाळणीही बुजवतो. आपल्या पाईपच्या तोंडाशी असा तांबडा थर दिसत असेल तर कृपया कळवावे, कारण मग उपाय वेगळा करावा लागेल.

योग्य जागी, योग्य मातीत ही गाळणी किती टिकते याचे उत्तर फ्रान्समधील व्हालक्रोस धरणावर मिळाले आहे. सुमारे १७ मीटर उंचीच्या या मातीच्या धरणात १९७० मध्ये निचऱ्याच्या खडीभोवती न विणलेले पॉलिएस्टरचे कापड गाळणी म्हणून वापरले गेले. पुढे दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर त्यातील नमुने काढून तपासले, तेव्हा ते काम करण्याजोग्या स्थितीत होते.

प्रश्न : तळ्याच्या तळाला आणि बाजूंना २०० जीएसएमचे जिओटेक्स्टाइल अंथरले, तरी पाणी जिरतेच आहे. थर दुप्पट करावा का?

उत्तर : करू नये. हे कापड पाणी अडवण्यासाठी बनलेलेच नाही. दुहेरी केले तरी पाणी जिरणारच. पाणी अडवायचे तर अखंड प्लास्टिकचे अस्तर, म्हणजे जिओमेम्ब्रेन, हवे. आपण अंथरलेले कापड तरीही वाया गेलेले नाही : जिओमेम्ब्रेनखाली ते राहिले तर तळातील खडे आणि मुळांची खुंटे यांपासून अस्तराचा बचाव करील, आणि अस्तराखाली साचणारी हवा किंवा वायू त्याच्या जाडीतून बाजूला निघून जाईल. ही वाट नसेल तर अस्तर जागोजागी फुगून वर येते. दुसरा पर्याय म्हणजे दोन कापडांच्या मध्ये बेंटोनाइट चिकणमातीची पूड भरून टाचलेले तयार अस्तर. ओले झाले की ती माती फुगून वाट बंद करते. मात्र त्यावर मातीचा दाबथर द्यावाच लागतो.

प्रश्न : नदीकाठी दगडी पिचिंग केले, म्हणजे काठाच्या उतारावर दगड रचले, तरी पुरानंतर दगड खाली बसतात. खाली कापड घातल्याने फरक पडेल का?

उत्तर : पडेल, कारण दगड सहसा पुराने वाहून जात नाहीत, त्यांच्याखालची माती जाते. पूर ओसरताना काठात मुरलेले पाणी परत नदीकडे येते आणि दगडांच्या फटींतून माती ओढून नेते. कापड माती अडवते व पाण्याला वाट देते. समुद्रकाठी हे काम अधिक अवघड होते, कारण प्रत्येक लाटेबरोबर प्रवाहाची दिशा उलटते आणि मागे सांगितलेली मातीची कमान सारखी विस्कटत राहते. म्हणून तेथे छिद्रांचे निकष अधिक कडक ठेवतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकाच्या अखेरीस विणलेले प्लास्टिकचे कापड दगडांखाली घालून पाहिले गेले आणि आजच्या वापराची सुरुवात बऱ्याच अंशी तेथून झाली. १९५३च्या भीषण समुद्रपुरानंतर नेदरलँड्सने जी कामे हाती घेतली, त्यांत पूर्वीच्या फांद्यांच्या विणलेल्या गाद्यांची जागा हळूहळू या कापडाने घेतली. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या ईस्टर्न शेल्ड बंधाऱ्याच्या खांबांखाली तर वाळू आणि खडीचे थर भरलेल्या २०० मीटर लांब, ४२ मीटर रुंद आणि ३६ सें.मी. जाड गाद्या समुद्रतळावर उलगडल्या आहेत.

आपल्या कामात वरच्या प्रवाहाकडची पट्टी खालच्या पट्टीवर यावी, उलट नव्हे. नाहीतर प्रवाह कड उचलतो. काठाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी चर खणून कापडाची टोके त्यात पुरावीत. पायथा उघडा राहिला तर वरचे सारे काम खालून पोकळ होते, आणि माझ्या पाहण्यात असे पिचिंग बहुधा पायथ्यापासूनच ढासळते. दगड वरून ओतू नयेत. मोठे दगड उचलून ठेवावेत. पाण्याखाली अंथरायचे असेल तर हे लक्षात असू द्यावे की यांतली बरीच कापडे ज्या प्लास्टिकची असतात ते पॉलिप्रोपिलिन पाण्याहून हलके असते आणि वजन बांधल्याशिवाय तरंगते.

प्रश्न : प्लास्टिकऐवजी ताग किंवा काथ्याचे कापड वापरता येईल का?

उत्तर : उतारावर गवत रुजवायचे असेल तर अवश्य, किंबहुना तेथे तेच योग्य. पावसाचे थेंब थेट मातीवर आदळत नाहीत, ओल टिकते आणि मुळे धरल्यावर कापड कुजून जाते. ताग एक-दोन पावसाळे टिकतो. काथ्यात लिग्निनचे, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाचे, प्रमाण जास्त असल्याने तो त्याहून काही वर्षे अधिक टिकतो. मात्र पुरलेल्या निचऱ्यात किंवा भिंतीमागे, जेथे कापड गेले की काम गेले, तेथे नैसर्गिक धागा वापरू नये.

प्रश्न : कापडाचे रोल मोकळ्या जागेत काही महिने पडून आहेत. ते वापरावेत का? आणि मातीत गेल्यावर त्यांचे आयुष्य किती?

उत्तर : या कापडाचा खरा शत्रू ऊन आहे. काजळी मिसळलेले काळे कापड जास्त तग धरते, पण तेही कायमचे नाही; एम २८८ मानकानुसार अंथरलेले कापड १४ दिवसांत झाकले पाहिजे. रोलवरचे वेष्टन शाबूत असेल तर आतला माल बहुधा ठीक असेल. वेष्टन फाटले असेल तर बाहेरचे दोन-तीन फेरे उलगडून कापड हाताने ताणून पाहावे. धागे तुटून भुकटी पडत असेल तर तेवढा भाग कापून टाकावा आणि उरलेल्यातला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. मातीत गाडल्यावर ऊन संपते आणि प्रश्न रसायनांचा उरतो. पॉलिएस्टरला तीव्र अल्कली मानवत नाही, म्हणून पीएच ९ हून अधिक असेल तेथे, उदाहरणार्थ चुन्याने स्थिर केलेल्या मातीत किंवा ताज्या काँक्रीटला लागून, पॉलिप्रोपिलिन बरे. उलट, वर्षानुवर्षे सतत ताण सोसायचा असेल तर पॉलिप्रोपिलिन हळूहळू लांबत जाते आणि तेथे पॉलिएस्टर सरस ठरते. आपल्या रोलवरील लेबलावर धाग्याचे नाव छापलेले असेल. माती आणि जागा यांच्या तपशिलासह ते कळवल्यास पुढच्या अंकात अधिक नेमके सांगता येईल.