पॅराशूट उघडल्यावर सुरू होणारी शर्यत

मोबाईलवर एक व्हिडिओ आला. माणूस पॅराशूटला लटकून गरगर फिरत खाली येतो, आता आपटतोय की काय असं वाटतं, आणि ऐनवेळी तळ्यावरून पाय घासत सरळ लांबवर निघून जातो. आमच्याकडे केरीला डोंगरावरून उडतात तोच प्रकार का हा? आणि यात जिंकतं कोण?
*एक वाचक, म्हापसा*

नाही हो, तो पॅराग्लायडिंगवाला वेगळा. त्याचं पंख मोठं, हळू, जास्तीत जास्त वेळ वर राहण्यासाठी केलेलं. तुम्ही बघितलं ते स्कायडायव्हिंगच्या घरातलं, त्याला कॅनॉपी पायलटिंग म्हणतात (कॅनॉपी म्हणजे उघडलेल्या पॅराशूटचं कापडी पंख) आणि बोलताना सगळे स्वूपिंगच म्हणतात. विमानातून साधारण पाच हजार फुटांवर उडी मारायची, लगेच पॅराशूट उघडायचं, आणि जिथे बाकीच्यांची मजा संपते तिथे यांची सुरू होते. स्पर्धेत प्रकार आहेत, कुणी वेगाने ठरलेला मार्ग कापतं, कुणी नेमक्या चौकोनात उतरतं, पण मला विचाराल तर सगळ्यात सुंदर तो डिस्टन्स, कारण त्यात परीक्षकाचं मत वगैरे काही नाही, फक्त अंतर.

तळ्याच्या तोंडाशी एक गेट असतं, 10 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच. पायलटच्या शरीराचा काहीतरी भाग त्या उंचीच्या खालून गेला पाहिजे, गेट चुकलं की शून्य. तिथून सरळ पट्टा, पट्ट्याबाहेर उतरलात तरी शून्य. आणि पाणी ओलांडून पलीकडच्या जमिनीला पहिला स्पर्श जिथे झाला तिथपर्यंतचं अंतर मोजतात. अव्वल लोक 150 मीटर ओलांडतात, म्हणजे फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानावर एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाऊन वर अर्धं मैदान परत यायचं, तेही इंजिन नसताना. समुद्रसपाटीपासून उंचावरच्या ठिकाणी पातळ हवेत 200 च्या पुढच्याही नोंदी आहेत.

आता ते गरगर फिरणं, लोकांना वाटतं शायनिंग मारतात, पण सगळा खेळ तिथेच आहे. पायलट पुढचे रायझर ओढतो (खांद्यावरून वर जाणारे पट्टे, त्यांना दोऱ्या लागलेल्या असतात), मग हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांमध्ये, अंग एका बाजूला झुकवतो आणि कॅनॉपी वळत वळत नाक खाली करून सूर मारते. 270 अंशांचं वळण, मुरलेले लोक 450 किंवा 630 सुद्धा घेतात. वळण जितकं मोठं तितकी जास्त उंची वेगात बदलते, गेटवर ताशी 140 किलोमीटरच्या आसपास वेग असतो. वळण सोडलं की माणूस लंबकासारखा परत कॅनॉपीच्या खाली येतो आणि ती आपोआप सपाट उडू लागते, हा सपाट होण्याचा क्षण बरोब्बर गेटच्या तोंडावर आणायचा, दहा-वीस फूट इकडेतिकडे झालं तर एकतर वेग वाया नाहीतर पाण्यात आदळणं.

गेटनंतर उलटं काम, मिळालेला वेग कंजुषासारखा खर्च करायचा. म्हणून सुरुवातीला ब्रेकच्या दोऱ्या म्हणजे टॉगल ओढत नाहीत, मागचे रायझर हलके धरतात, कारण टॉगलने पंखाची मागची कड वाकते आणि हवेचा अडथळा वाढतो. पाय पोटाशी, अंग आडवं. पॅराशूट उघडताना लागणारा स्लायडर, बॅग, छोटं पायलट शूट हे सगळं हवेतच सुटं करून काढून घेतात, तेवढाही अडथळा नको असतो त्यांना! वेग संपत आला की मग टॉगलवर यायचं आणि उरलीसुरली उचल वापरून शेवटचे मीटर काढायचे.

हे लोक कंबरेला शिसं बांधतात म्हणे, पडताना वजन वाढवायचं म्हणजे जरा उलटंच नाही का?
*एक वाचक, वाळपई*

उलटं वाटतं खरं. पण वजन वाढलं म्हणून कॅनॉपीचा खाली येण्याचा कोन बिघडत नाही, ती त्याच उतारावरून येते, फक्त जोरात येते, आणि इथे जोरच तर हवाय. हिशेब करून बघा, सामानासकट माणूस 200 पौंड धरला तर शिकाऊ माणसाच्या 240 चौरस फुटी कॅनॉपीवर एका चौरस फुटाला एक पौंडसुद्धा येत नाही. स्पर्धेतली कॅनॉपी 70 च्या आसपास असेल तर तोच आकडा 2.8 च्या वर. अर्थात शिसं हवं तितकं नाही बांधता येत, वजन जास्त झालं की शेवटी हळू वेगात तरंगायला पंख पुरत नाही आणि तुम्ही लवकर खाली बसता.

भाऊ, माझा मुलगा दुबईला कामाला आहे. तिथे एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर टँडम उडी मारली आणि आता याचंच वेड घेतलंय. पॅराशूट तर उघडलेलंच असतं ना, आणि खाली पाणी, मग एवढं भ्यायचं कारण आहे का?
*एक आई, फोंडा*

ताई, स्पष्टच सांगतो, कारण आहे, आणि ते नेमकं "पॅराशूट उघडलेलं असतं" यातच आहे. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षे सांगतात की व्यवस्थित उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनॉपीखाली माणसं मरतात, जमिनीजवळ घेतलेल्या वळणामुळे. उंची कमी पडतेय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पाण्याने जरा चूक झाली तर मार कमी बसतो एवढंच, त्या वेगात नाक खाली असताना पाणी काय आणि काँक्रीट काय.

पण म्हणून त्याला तोडू नका, उलट विचारा की तुझा बेत काय. अमेरिकन पद्धतीत पहिलं लायसन्स 25 उड्यांवर मिळतं, मग 50, 200 आणि सगळ्यात वरचं 500 वर, आणि शहाणे कोच त्या वरच्या टप्प्याच्या आधी मोठ्या वळणाचं नावही काढू देत नाहीत. आधी मोठ्या कॅनॉपीवर सरळ, नीट उतरणं, मग 90 अंश, मग पुढे, आणि कॅनॉपी एकेक साईझनेच लहान करायची. तो म्हणाला "पुढच्या वर्षी छोटी कॅनॉपी घेतो" तर कान धरा. दुबईत शिकायची सोय चांगली आहे, 2012 ची जागतिक स्पर्धा तिथेच झाली होती (पहिली 2006 ला व्हिएन्नात), त्यामुळे विचारायला माणसं मिळतील. फक्त पैसे किती लागतात तेही विचारा, कारण प्रत्येक उडीला विमानाचं तिकीट वेगळं!

आमच्या हरमलच्या किनाऱ्यावर अशी स्पर्धा का नाही होऊ शकत?
*एक वाचक, पेडणे*

होऊ नये असं कोण म्हणेल, पण अवघड आहे. एकतर एवढ्याशा राज्यात एका टोकाला मोपा विमानतळ आणि दुसरीकडे दाबोळीचा, तोही नौदलाचा, त्यामुळे आकाश मोकळं मिळणं हाच पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे समुद्र या खेळाला चालत नाही, लाटा हलतात म्हणून पाण्यापासूनची उंची कळत नाही, खारं पाणी आणि रेती कापडाची, दोऱ्यांची वाट लावते. गोड्या पाण्याचं उथळ, दगड नसलेलं तळं लागतं आणि त्यापुढे मोकळी सपाट जमीन, आणि गोव्यात मोकळी सपाट जमीन कुणाच्या डोळ्यात भरते ते तुम्ही मला सांगायला नको.

कळंगुटला बोटीमागे दोरीने उडवतात त्याचा इथे काही उपयोग नाही, ते फक्त बसून राहायचं काम. देशात नागरी स्कायडायव्हिंग करायचं तर हरयाणात नारनौलला सोय आहे. आणि आपल्यातल्यांना हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर पुण्याच्या शीतल महाजनांचं नाव सांगा, उत्तर ध्रुवावर उडी मारून आल्यात, नंतर नऊवारी नेसूनही मारली. स्वूपिंग हा त्यांचा प्रकार नव्हे, पण सुरुवात तुम्हालाही साध्या उडीपासूनच करायचीय. तेव्हा आधी बेसिक कोर्स कुठे, कधी, किती दिवस ते विचारून ठेवा, आणि पावसाळ्यातली तारीख घेऊ नका, ढगांमुळे नुसते बसून याल.