जोखीम झेपेल का? वाचकांचे प्रश्न

गुंतवणुकीबद्दलच्या बहुतेक पत्रांत गोंधळ एकच असतो. तोटा सोसायची मनाची तयारी आणि तो सोसायची आर्थिक ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : १००मधून वय वजा करून उरतील तितके टक्के शेअरमध्ये ठेवावेत, असं ऐकलं. बरोबर ना?

उत्तर : नाही. कर्जात बुडालेला आणि कर्जमुक्त, दोघंही चाळिशीचे असू शकतात.

प्रश्न : गुंतवणूकदार किती जोखीम घेऊ शकतो हे ठरवणाऱ्या प्रश्नावलीत मी ‘आक्रमक’, म्हणजे जास्त जोखीम घेणारा, ठरलो. फॉर्म एजंटनेच भरला, मी सही केली. सगळी रक्कम शेअरमध्ये घालू का?

उत्तर : अजिबात नको. उत्तरं एजंटची, मग निकाल तुमचा कसा? जी योजना खपवायची तिला शोभेल असा स्वभाव ग्राहकाला चिकटवायचा, ही जुनी चलाखी आहे. फॉर्म स्वतः भरलात तरी चढत्या बाजारात सगळेच शूर असतात. टक्के दुखत नाहीत, म्हणून आपली एकूण पुंजी कागदावर लिहा आणि खाली तिची निम्मी रक्कम लिहा. इतकीच उरली तर सोसेल का? हे अतिरंजित वाटतं? ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा बड्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक सुमारे ५७ टक्के घसरला होता. ५० टक्के घट भरून यायला १०० टक्के वाढ लागते. मागच्या घसरणीत तुम्ही विकून मोकळे झालात की हप्ते चालू ठेवलेत, हे प्रश्नावलीपेक्षा खरं बोलतं. आणि मन खंबीर असलं तरी पगार थांबल्यावर घर किती महिने चालेल? मंदीत नोकरी आणि बाजार एकदमच दगा देऊ शकतात. ऐपत आणि तयारी यांपैकी जी कमी, ती धरा. कमिशन न घेता फक्त फी घेणाऱ्या सल्लागाराकडून नव्याने तपासणी करून घ्या.

प्रश्न : वीस वर्षं थांबलं की जोखीम संपते, असं मित्र म्हणतो.

उत्तर : मित्र चुकतो. मुदत वाढली की वार्षिक सरासरी परतावा स्थिरावतो, पण हाती येणाऱ्या रकमेतली तफावत रुंदावते. निवृत्तीनंतर पैसे काढायला लागताच घसरण आली, तर पुढची तेजीही नुकसान पुरतं भरून काढेलच असं नाही. तारीख जवळ असेल तर आजच सल्लागाराला गाठा.

प्रश्न : नवरा धाडसी, मी घाबरट. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : तूर्त तुमचं. सल्लागाराकडे मात्र दोघांनी मिळून जा.

प्रश्न : जोखीम किती झेपेल याची पुनर्तपासणी कधी करावी?

उत्तर : वर्षातून एकदा. शिवाय मूल, कर्ज, नोकरीबदल, आजारपण यांपैकी काही घडलं की लगेच, ‘दिवाळीनंतर बघू’ नको. बाजार कोसळला म्हणून घाईने नवा फॉर्म भरू नका. आधी सल्लागाराला फोन करा.