बेसबॉलचा संघ बांधताना फटकेबाजी बघावी की क्षेत्ररक्षण? मैदान मोठं असेल तर हिशेब बदलतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन सिम्युलेशन लीगमध्ये तुमच्या संघाला मोठं मैदान मिळालंय, बजेट बेताचं आहे, आणि लेफ्ट फील्डला (म्हणजे कुंपणाजवळच्या डाव्या भागात) होम रन, म्हणजे कुंपणापार जाणारे फटके, मारणारा पण सुस्त गडी घ्यावा की बॅटिंगला बरा पण पळायला चपळ असा घ्यावा, यावर घोडं अडलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोघांनाही धावांच्या तराजूत तोला. काढलेली धाव आणि वाचवलेली धाव, दोन्हींचा भाव सारखाच. मैदानाचा आकार फक्त एवढंच ठरवतो की चांगला क्षेत्ररक्षक कुठल्या जागेवर जास्त धावा वाचवून देईल. ‘मोठं मैदान म्हणजे क्षेत्ररक्षण, छोटं म्हणजे फटकेबाजी’ हे सूत्र सगळे ऐकवतात, पण ते अर्धंच खरं आहे.

तुमच्या लेफ्ट फील्डरचा सख्खा भाऊ शोभेल असा एक खेळाडू खरंच होऊन गेला. डान्टे बिशेट, कोलोराडो रॉकीज. 1999 मध्ये त्यानं 34 होम रन मारले, त्याच्या बॅटवर 133 धावा आल्या, बॅटिंगची सरासरी .298, म्हणजे दर दहा प्रयत्नांत जवळपास तीन हिट. वर्तमानपत्रात वाचलं तर वाटावं, काय हिरा आहे! पण आज सगळं जमेस धरून जो ‘वॉर’ नावाचा आकडा काढतात, तो त्याचा त्या वर्षी चक्क उणे आहे. म्हणजे खालच्या लीगमधून कुणालाही उचलून आणलं असतं तरी फार बिघडलं नसतं. कारणं दोन. एक, त्याचे आकडे डेन्व्हरच्या हवेनं फुगवलेले होते (1995 मध्ये त्याच्या 40 होम रनपैकी 31 घरच्या मैदानावर होते). दुसरं, तो लेफ्ट फील्डला उभा राहायचा आणि चेंडू त्याच्या आजूबाजूनं निघून जायचे. त्याच्या संघाच्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा डीएच (पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जागी फक्त बॅटिंग करणारा, क्षेत्ररक्षण न करणारा गडी) नव्हता, त्यामुळे त्याला लपवायला जागाच नव्हती.

रॉकीजचं डेन्व्हरमधलं घरचं मैदान, कूर्स फील्ड, हे या प्रश्नाचं सगळ्यात मजेशीर उदाहरण आहे. मैदान समुद्रसपाटीपासून साधारण 5,200 फुटांवर. वरच्या मजल्यावर विसाव्या रांगेतल्या खुर्च्या जांभळ्या आहेत, त्या नेमक्या एक मैल उंचीची खूण म्हणून. हवा विरळ, म्हणून चेंडू लांब जातो. हे माहीत असल्यानं बांधतानाच कुंपण मागे नेलं: डावीकडे 347 फूट, मध्यभागी 415, उजवीकडे 350. झालं काय, की होम रन तर होतातच, वर राखायला भलंमोठं गवत. आऊटफिल्डर (कुंपणाकडचे क्षेत्ररक्षक) डोक्यावरून चेंडू जाऊ नये म्हणून मागे उभे राहतात आणि मग त्यांच्या पुढ्यात साधे, अर्धवट लागलेले चेंडू टपाटप पडतात. 2002 पासून चेंडू दमट कपाटात ठेवायला लागले, त्यानं होम रन जरा आटोक्यात आले, पण गवत तेवढंच राहिलं. तेव्हा मैदान मोठं म्हणजे धावा कमी, असं समजू नका. मोठं मैदान आणि पिचरला धार्जिणं मैदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आकडेमोड, कारण खरी गंमत तिथे आहे. सरासरी धरली तर एक डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) साधारण 0.77 धावांचा, आणि एक आऊट उणे 0.27 चा. म्हणजे दोन आऊटफिल्डरच्या मधे जाणारा चेंडू कुणी धावत जाऊन पकडला, तर डबलच्या जागी आऊट मिळतो आणि जवळजवळ एक अख्खी धाव वाचते. दहा धावांचा फरक म्हणजे ढोबळमानानं एक विजय. 162 सामन्यांच्या हंगामात फक्त दहा जादा झेल! होम रनचं वजन 1.4, म्हणजे आऊटच्या जागी होम रन आला तर फरक सुमारे 1.67 चा. त्यामुळे 12 जादा होम रन आणि असे 20 जादा झेल एकाच भावात जातात. होम रन सगळ्यांच्या लक्षात राहतो, न झालेला डबल कुणाच्या राहत नाही, म्हणून बाजारात बॅट महाग आणि ग्लोव्ह स्वस्त मिळतो.

हे ज्यानं पुरतं ओळखलं तो सेंट लुईस कार्डिनल्सचा मॅनेजर व्हायटी हर्झॉग. सेंट लुईसचं जुनं बुश स्टेडियम मोठं, वर कृत्रिम गवत, चेंडू सुसाट पळणारा. त्यानं टेम्पलटनसारखा चांगला हिटर सॅन डिएगोला देऊन बॅटिंगला यथातथा असलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ओझी स्मिथ आणला. 1982 मध्ये या संघानं अख्ख्या हंगामात फक्त 67 होम रन मारले, पण 200 बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच पळत पुढचा बेस गाठला. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, समोर मिलवॉकी ब्रूअर्स, 216 होम रनवाले. सात सामन्यांत सेंट लुईस जिंकलं. पण लोक एक गोष्ट विसरतात: त्या कार्डिनल्सनी 685 धावा काढल्याही होत्या, दिल्या 609. होम रन नव्हते, धावा होत्या.

धावाच नसतील तर काय होतं? 2010 चे सिॲटल मरिनर्स बघा. मोठं मैदान, थंड दमट हवा, म्हणून क्षेत्ररक्षणावर भर. दिल्या 698 धावा, काढल्या 513. वजा 185, म्हणजे निम्म्या 81 विजयांतून अठरा-एकोणीस कमी करा. प्रत्यक्षात 61 जिंकले. त्यांच्या फेलिक्स हर्नांडेझनं दर नऊ डावांमागे 2.27 धावांच्या सरासरीनं पिचिंग करून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला आणि त्याच्या नावावर विजय किती? तेरा. बिचारा.

शिवाय 162 पैकी 81 सामने बाहेर होतात. तिथे तुमचं मोठं मैदान सोबत येत नाही. घरच्या आकाराला साजेसा संघ बांधताना हात जरा राखूनच ठेवा.

आकार बघताना ‘मोठं’ एवढंच न बघता कुठे मोठं ते बघा. बॉस्टनच्या फेनवेला डावीकडे 310 फुटांवर 37 फूट उंच भिंत आहे. तिथे मॅनी रामिरेझसारखा गडी लेफ्टला चालून गेला, कारण राखायला जागाच थोडी. त्याच मैदानाची उजवी बाजू मात्र ऐसपैस, तिथे पळणारा माणूस लागतो. तुमच्या मैदानात डावीकडचा कोपरा जवळ असेल आणि फक्त मध्यभाग खोल असेल, तर पैसा सेंटर फील्डला घाला आणि लेफ्टला तो सुस्त हिटर खुशाल घ्या. तुमचे पिचर्स कसे आहेत हेही बघा. जमिनीलगत चेंडू मारायला लावणारे असतील तर आऊटफिल्डपेक्षा शॉर्टस्टॉप महत्त्वाचा.

हिटरचे आकडे कुठल्या मैदानावर जमलेत ते तपासायला विसरू नका. डेव्हिड राइटचे 2008 मध्ये 33 होम रन होते, 2009 मध्ये न्यूयॉर्क मेट्स नव्या, मोठ्या सिटी फील्डवर गेले आणि ते 10 वर आले. सगळा दोष मैदानाचा नसेल, पण तुम्हीही मोठ्या मैदानावर हिटर आणताय.

लेफ्ट खोल असेल तर मी चपळ गडी घेईन, जोवर त्या सुस्त हिटरचे होम रन तुमच्या मैदानावर त्याच्यापेक्षा बाराएकनं जास्त होत नाहीत तोवर. पण त्याआधी लीगमध्ये डीएच आहे का ते बघा. खऱ्या बेसबॉलमध्ये 2022 पासून तो दोन्ही लीगमध्ये आहे. तुमच्याकडेही असेल आणि ती जागा रिकामी असेल, तर हिटरला तिथे बसवा, चपळ गड्याला लेफ्टला उभं करा, आणि बजेटची कात्री दुसरीकडे कुठेतरी लावा.